दीपेनदाचा पाला आणि मालनआक्काचं आदण

जून लागला की पिंपरी कॅम्पातल्या माझ्या दुकानात कुरिअरने चंदेरी पुड्या यायला लागतात. तळहातावर मावेल एवढी पुडी, तिच्यावर चिकटवलेला कागद, कागदावर आसामातल्या कुठल्यातरी कारखान्याचं नाव आणि आत मूठभर चहा. हे नमुने. आंब्याच्या पेट्या संपत आल्या की नमुन्यांचा हंगाम सुरू होतो, असं माझं साधं पंचांग आहे. चहाच्या झुडपाला वर्षातून अनेकदा पालवी फुटते, पण या दिवसांत जी फुटते तिच्यात जो रंग आणि जो दम असतो तो पुढच्या कुठल्याच खुडणीत नसतो. आमचा वर्षाचा माल आत्ताच ठरतो. म्हणून नमुने बघायच्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो. शर्टाची गरज काही नसते. पण नाटक म्हटलं की पोशाख आलाच.

सहा पांढरे कप ओळीने मांडायचे. प्रत्येकात मोजून चिमूट, वर खळखळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. मग चमचाभर चहा ओठाशी नेऊन असा सुर्रकन ओढायचा, की तो जिभेवर न टेकता टाळ्यावर, गालात, नाकाच्या मुळाशी सगळीकडे उडाला पाहिजे. आवाज जितका मोठा तितका माणूस जाणकार, असं आमच्या धंद्यात मानतात. माझा आवाज समोरच्या कापडाच्या दुकानापर्यंत जातो. "नाना, कुणाचा टायर बसला हो?" असं तिथून दर वर्षी विचारलं जातं आणि दर वर्षी मला ते आवडतं. बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "तुमची जीभ चव घेऊन नाही झिजली, बोलून झिजलीय."

परवा या वर्षीचा पहिला नमुना ओढला. चांगला होता. भाजलेल्या धान्यासारखा गोडसर वास तोंडभर पसरला, आणि चमचा तसाच हातात धरून मी उभा राहिलो. पुढचे पाच कप गार होऊन गेले. मला तो हंगाम आठवत होता, ज्या हंगामात पुड्या आल्याच नाहीत.

फार वर्षं झालेली नाहीत. तेव्हाही मी शर्ट इस्त्री करून ठेवला होता. जूनचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कुरिअरवाला रोज समोरच्या दुकानात जायचा आणि माझ्याकडे बघून मान हलवायचा. शेवटी मी दीपेनदाला फोन लावला.

दीपेनदा म्हणजे वरच्या आसामातला एक छोटा बागायतदार. घरामागे थोडी जमीन, तिच्यात चहा. त्याचा स्वतःचा कारखाना नाही. सकाळी खुडलेला हिरवा पाला तो जवळच्या कारखान्याला घालतो. तो कारखाना आसपासच्या असंख्य लहान बागांचा पाला विकत घेऊन चहा बनवतो, आणि त्यातली माझ्यापुरती पोती दीपेनदा मला मिळवून देतो. आपल्या कपातला किती चहा अशा घरामागच्या बागांमधून येतो, हे पिणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे जाहिरातीतले धुक्याचे डोंगर असतात आणि पाठीला टोपली बांधलेल्या हसऱ्या बायका असतात. दीपेनदाची बाग सपाट आहे. त्याची बायको पाला खुडताना हसते का, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"दादा, इस साल नमुना किधर अटक गया?" मी विचारलं. माझी हिंदी साताऱ्याहून निघते आणि मध्येच कुठेतरी उतरून जाते.

"पाला ही नहीं है, नाना," तो म्हणाला. 'पाला' हा एक मराठी शब्द तो माझ्याकडून शिकला होता. "बारिश हुआ नहीं. इतना गर्मी हमने कभी देखा नहीं. झाड़ खड़ा है, पर सो गया है. जो थोड़ा निकला, उसको लाल मकड़ी खा गया."

ही लाल मकडी म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी कोळ्याची जात. पानाच्या पाठीवर बसून ती रस शोषते आणि हिरवं पान जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं करून टाकते. मी विचारलं, तुझं राहू दे, पण दुसऱ्या कारखान्यांतून काही निघालं असेल ना?

"जिसका पत्ती अच्छा है, वो लंबा पत्ती बना रहा है. बाहर भेजने के लिए. ईरान, इराक, दुबई. आपका दाना कौन बनाएगा?"

हेही मला माहीत होतं. लांब पानाचा चहा म्हणजे जे देश दुधाशिवाय, काचेच्या पेल्यात, नुसता रंग बघत पितात त्यांच्यासाठीचा. आपण पितो तो दाणा आणि दाण्याखालची भुकटी. आपला देश एवढा चहा पिकवतो आणि त्यातला बहुतेक स्वतःच पिऊन टाकतो. बाहेर जातो तो मात्र निवडून, पुसून, खोक्यात नीट बसवून जातो, सासरी निघालेल्या मुलीसारखा. उरलेला घरात राबतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. भुकटीवर माझं प्रेम आहे. उकळलं की ती हातचं काही राखत नाही. पण ज्या वर्षी पालाच नसतो, त्या वर्षी आधी घरातल्याच्या वाटणीला कात्री लागते. उत्पादन घटलं, लिलावात भाव चढले, निर्यातदार चिंतेत, अशी बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या चार ओळी चाकणच्या एका पातेल्यात कशा उतरल्या, ते मी त्या वर्षी बघितलं.

ते पातेलं मालनआक्काचं. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ती चहा करायची. सकाळी दहाला आणि दुपारी साडेतीनला. कंपनी उभी आहे तिथे तिच्या सासऱ्यांचं रान होतं. जमीन गेली तेव्हा मोबदला भावकीत वाटला गेला आणि आक्काच्या नवऱ्याने एक हट्ट धरला, की जमीन घ्या, पण आमच्या घरात एक काम ठेवा. आमच्या पट्ट्यातली ही रीतच आहे. ज्याची जमीन गेली त्याला कंपनीत काहीतरी मिळतं. कुणाला भंगार उचलायला, कुणाला गाड्या लावायला, कुणाला झाडांना पाणी घालायला. आक्काच्या घराला चहा मिळाला. पुढे नवरा गेला आणि चहा आक्काकडे आला.

"मी आपल्या बांधावर उबी ऱ्हाऊन च्या करते," असं ती म्हणायची आणि ते अक्षरशः खरं होतं. कँटीनमागे एक बाभूळ कंपनीने तोडायची राहिली होती. पूर्वीचा बांध तिथूनच जायचा.

दहाच्या आधी पंधरा मिनिटं त्या कँटीनमध्ये उभं राहावं असं मला नेहमी वाटायचं. पत्ती पोचवायला माणूस पाठवता आला असता, पण महिन्यातून एकदा मी स्वतः जायचो. एकीकडून तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास, दुसरीकडून ठेचलेल्या आल्याचा, आणि दोन्ही वास दारात एकमेकांना धक्का देत उभे. आदण ठेवलं की आक्का त्यावर तळहात धरायची, देवाच्या आरतीवर धरतात तसा. मग पत्ती टाकायची आणि फेसाकडे बघत राहायची. भोंगा झाला की माणसं यायची. बोटं तेलकट असल्यामुळे सगळे कप वरच्या कडेला चिमटीत धरायचे, एखादी नाजूक वस्तू धरावी तसे. लातूरकडचा गणेश म्हणून एक होता, त्याचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं.

"आक्का, आज साखर सढळ हाताने पडली! सून आली काय घरात?"

"तुझ्या सासूनं धाडलीया. जावई लई कडू हाय म्हनली."

आक्कासाठी मी वेगळं मिश्रण बांधायचो. दीपेनदाचा दाणा जास्त, दक्षिणेकडची भुकटी थोडी. कंपनीतली माणसं म्हणायची, आक्काच्या हाताला चव आहे. आक्का म्हणायची, नानांच्या पत्तीत आहे. मी म्हणायचो, माझ्या जिभेत आहे. दीपेनदाचं नाव कुणीच घेत नव्हतं.

गोष्ट सांगणाऱ्याने करू नये ते आता करतो आणि शेवट आधीच सांगून टाकतो. आक्काचं काम गेलं. आज तिथे चहाचं मशीन आहे. निम्मं काम आसामच्या उन्हाने केलं, उरलेलं निम्मं मी केलं. माझ्या वाटणीचं निम्मं सांगायला मी बसलो आहे, कारण उन्हाबद्दल पेपरात चार ओळी तरी आल्या होत्या.

त्या जूनमध्ये मी तिला मिळेल ती पत्ती देत होतो. जुना साठा संपलेला. कधी धुळीसारखी भुकटी, कधी देठांचा चुरा. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"नाना, ह्ये काय दिलंय? उकळून उकळून आदण आटलं, पर रंग सुटंना."

मी तिला दीपेनदाचं सांगितलं. झाड झोपलंय, पान करपलंय, चांगलं होतं ते जहाजावर चढलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. लोक मात्र "बरं" म्हणत नव्हते. गणेश एक दिवस कप नाकाशी धरून म्हणाला, "आक्का, हा चहाच हाय ना? का कूलंट?" कूलंट म्हणजे लोखंड कापताना मशीनवर धार सोडतात ते दुधट पाणी. सगळे हसले. आक्काही हसली. त्या दिवशी तिने स्वतः चहा घेतला नाही, हे मी पाहिलं.

कँटीन बघायला जाधव मॅडम होत्या. वाकडहून स्वतः गाडी चालवत यायच्या, आक्काला काकू म्हणायच्या. त्यांना खलनायिका करायची सोय मला असती तर माझी गोष्ट फार सोपी झाली असती. पण त्या सरळ बाई होत्या.

"काकू, लोक लेखी तक्रारी द्यायला लागलेत," त्या म्हणाल्या. "चहाची मशीनं विकणारे रोज येऊन बसतात. मी एकच करू शकते. एका दिवशी त्यांचा आणि तुमचा, दोन्ही चहा ठेवू, लोकांनाच ठरवू दे. दोन पिंपं ठेवते. ज्याचा चहा आवडला त्याच्या पिंपात रिकामा कप टाकायचा. तुमचं पिंप भरलं तर तुमचं काम तुमच्याकडे. मग मला वरून कुणी विचारणार नाही."

आक्काने मला फोन केला. "नाना, एक डाव नीट पत्ती द्या. एकच डाव."

आता माझ्यासारख्या माणसाला नाटकातला असा प्रवेश मिळाल्यावर तो गप्प बसेल का? मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आफ्रिकेतला चहा मिळवला. जहाजाने आलेला. चहा पिकवणाऱ्या देशात, चहाच्या दुकानात परक्या देशाचं पोतं उतरताना बघून मला क्षणभर चमत्कारिक वाटलं. आपलं चांगलं पान पश्चिमेकडे निघालेलं आणि तिकडून दुसऱ्या कुणाचं तरी पान आपल्याकडे आलेलं, दोघांची समुद्रात कुठेतरी गाठ पडली असेल. पण पोतं फोडलं, चिमूटभर कपात टाकली, आणि काय सांगू तो रंग! लालभडक, झळाळता, भिंतीला लावला तर घर नवं दिसेल असा. तीन दिवस मी त्याच्यावर राबलो. दुकानाच्या नळाला पवना नदीचं पाणी येत होतं, त्यावर कप लावत होतो, दक्षिणेची भुकटी कमी-जास्त करत होतो. तिसऱ्या दिवशी साधलं. मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. समोरून आवाज आला, "नाना, आज टायर नाही, विमान उडालं!"

आक्काने म्हटलं होतं, "आदल्या दिशी आनून द्या. मला एकदा करून बगू द्या."

मी म्हणालो, "आक्का, पडदा उघडायच्या आधी कुणी नाटक दाखवतं का?"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं, आणि ते माझ्याच आवाजात येतं.

परीक्षेच्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून, पत्ती स्वतः मांडीवर घेऊन चाकणला गेलो. आक्काने नवं लुगडं नेसलं होतं. आदण उकळलं, तिने तळहात धरला, मी माझ्या हाताने पत्ती सोडली. रंग सुटला. आणि बघता बघता बसला. लाल होतं ते तपकिरी झालं, तपकिरी होतं ते काळपट. वर एक पातळ पापुद्रा धरला, डबक्यावर धरतो तसा. दूध पडल्यावर तो चहा राखेचं पाणी वाटू लागला.

"नाना, रंग कुटं गेला?"

"उकळू दे अजून."

उकळला तसा आणखी काळवंडला. आक्काने नळ सोडून ओंजळभर पाणी घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "आमचं पानी जड हाय. मामंजींनी खनलेल्या बोअरचं. ह्यात डाळसुदिक शिजत न्हाई, सोडा टाकावा लागतो. तुमाला ठावं न्हवतं?"

मला ठावं नव्हतं. वीस वर्षं मी त्या कँटीनमध्ये उभा राहत होतो, आल्याचा वास घेत होतो, आणि तिथल्या साध्या पाण्याचा घोट कधी घेतला नव्हता. चहा ज्या पाण्यात उकळणार त्याच पाण्यावर त्याची चव बघायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दुकानात गिऱ्हाइकांना तो मी हातवारे करून सांगायचो. दीपेनदाचा दाणा इतका दमदार होता की तो ते जड पाणी, पातळ दूध आणि माझं अज्ञान, तिन्ही पोटात घालत होता. माझ्या जिभेची कीर्ती म्हणून जे काही होतं ते त्या दाण्याचं सोसणं होतं. तो नसला तेव्हा कळलं.

बदलायला वेळ नव्हता. भोंगा झाला.

माणसं आली, रांग लागली. एकीकडे मशीन, आत दुधासकट तयार पूड, निळे दिवे लुकलुकतायत. दुसरीकडे आक्का. सगळ्यांनी दोन्ही चहा घेतले. कुणी विनोद केला नाही. मला भीती वाटली ती त्यामुळे. गणेशने आक्काच्या चहाचा घोट घेतला, त्याचा चेहरा हलला नाही, आणि तो कप रिकामा करून सरळ आक्काच्या पिंपाकडे गेला.

"एक नंबर, आक्का," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

त्याच्यामागून दुसरा, मग दहा, मग जवळजवळ सगळेच. आक्काचं पिंप भरलं, कप कडेवरून खाली पडायला लागले. मशीनच्या पिंपात तळाशी चार-पाच. जाधव मॅडम मोकळं हसल्या. मला वाटतं, त्यांनाही हेच हवं होतं.

"काकू, जिंकलात!"

मी टाळी वाजवायला हात उचललेच होते. आक्काने पातेल्यातला चहा कपात घेतला आणि एक घोट तोंडात धरून ठेवला, बराच वेळ. मग ती मशीनपाशी गेली, बटण कुठलं ते तिने गणेशला विचारलं, आणि तो चहा उभ्याउभ्या शेवटपर्यंत प्यायली. तो रिकामा कप हातात घेऊन ती दोन पिंपांच्या मध्ये थांबली आणि तिने तो मशीनच्या पिंपात टाकला.

"मॅडम, आज ह्याचा बरा हाय."

"अहो काकू, पण लोकांनी तर..."

"लोकांनी मला टाकल्यात कप, च्याला न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "आता हे काम माज्याकडं ऱ्हायलं तर उंद्याबी ह्योच पाजावा लागंल. अन ही पोरं पितील. रोज. तोंड वाकडं न करता. ते मला बगवायचं न्हाई."

मी पुढे झालो. "आक्का, दोन दिवस द्या. तुमचं पाणी घेऊन जातो, त्यावर मिश्रण बांधतो."

"बांदाल. पर त्या दान्याबिगर ह्या पान्याम्होरं कोन टिकनार? त्यो कुटनं आनता, नाना?"

मी पत्तीची रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली.

आता माझ्या दुकानात एका फळीवर पाण्याच्या बाटल्या उभ्या असतात. मोशीच्या नव्या सोसायट्यांतलं टँकरचं पाणी, भोसरीच्या टपरीवरचं, चाकणच्या तीन-चार कंपन्यांचं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. गिऱ्हाइकाला आधी सांगतो, तुमचं पाणी आणा, मग बोलू. लोकांना हे माझं नवं नाटक वाटतं. मी ती समजूत मोडत नाही. ते मशीनही मी अधूनमधून बघून येतो. त्याचा चहा वाईट नसतो. सोमवारी जसा तसाच शनिवारी. त्याच्यापुढे उभं राहून कुणी सासूचं नाव काढत नाही. कप भरला की माणूस बाजूला होतो.

काम सुटल्यावर पंधरा दिवसांनी मी आक्काच्या घरी गेलो. घर कंपनीच्या कुंपणाला लागूनच, उरलेल्या पट्टीवर. सकाळची वेळ होती. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी टेकतोय तोच भिंतीपलीकडे दहाचा भोंगा झाला. आक्काच्या हातातली जुडी खाली आली, ती अर्धी उठली, आणि मग परत बसून तिने पुढची काडी उचलली. मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं मला एका दमात बोलावं लागलं, नाहीतर बोलताच आलं नसतं. पाणी बघितलं नाही. आदल्या दिवशी पत्ती दिली नाही. मिरवायचं होतं मला.

"तुमचा राग न्हाई असं म्हननार न्हाई मी," ती म्हणाली. "हाय. लई हाय." तिने पाच-सहा काड्या निवडल्या. "त्यो तुमचा आसामातला मानूस. त्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय?"

"आता गं बया! झाड वाळलं म्हनलात ना त्याचं? मग त्यो खातो काय?"

मला माहीत नव्हतं. नमुने नाहीत म्हटल्यापासून मी त्याला फोनच केला नव्हता. माल नसलेल्या माणसाला फोन करायची पद्धत आमच्यात नाही. हे मी तिला सांगितलं नाही, पण ते तिला कळलं असावं.

"लावा फोन," ती म्हणाली. "मोट्या आवाजात लावा, मलाबी ऐकू येऊ द्या."

दीपेनदाने लगेच उचलला. पाऊस आला होता, आला तो इतका आला की खालच्या वाफ्यात आठवडाभर पाणी उभं होतं. निम्मी झुडपं त्याने गुडघ्याएवढी छाटून टाकली होती. बायको शेजारच्या मोठ्या मळ्यात रोजाने खुडायला जात होती. मी पुढचं काय बोलावं हे शोधत होतो, तेवढ्यात आक्का ओट्यावरून पुढे सरकली.

"दादा, मी मालन. चाकनची. तुमच्या पाल्याचा च्या मी केला. ईस वर्सं."

मी हिंदी करून सांगायला तोंड उघडलं, पण त्याला समजलं होतं.

"बीस साल?" तो म्हणाला. "हमको तो मालूम ही नहीं था, दीदी, कौन पीता है." मग चाचरत विचारलं, "कैसा था?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता, किंवा मी विचारू दिला नव्हता. आक्काने उत्तर द्यायला वेळ घेतला. खोटं बोलायचं नसलं की ती घ्यायची तसा.

"चांगला व्हता," ती म्हणाली. "पानी जड, दूद पातळ. तरीबी रंग सोडायचा. मानसं घोट घेऊन हसायची."

तिकडून कोंबडा आरवल्याचा आवाज आला.

"अन तुमी सोता कंचा पिता?" आक्काने विचारलं.

आता तो हसला. "हम? हम तो दुकान का पैकेट पीते हैं, दीदी. पाला तो हरा का हरा ही चला जाता है."

आक्काने भिंतीकडे बघितलं. "आमचंबी तसंच हाय. ह्या म्होरच्या रानात गहू व्हायचा. आता आमी गहू दुकानातनं आनतो."

मी दोघांच्या मध्ये फोन धरून बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा माझं काम नुसतं फोन धरायचं होतं, आणि ते मी नीट केलं.

"कभी आइए, दीदी," दीपेनदा म्हणाला. "जो काटा था, उसमें नया पत्ती निकल रहा है. छोटा-छोटा है. देखने लायक है."

"येते की," आक्का म्हणाली. "आता सकाळचं मला कुटंच जायचं नसतं."